पाठ टेकून चालवायची सायकल

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते माझ्या गुडघ्यांबद्दल बोलतायत. मी मान हलवली. मुलीने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, आई, ते बाबांच्या ऑपरेशनबद्दल बोलतायत.

आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. बीपीने गेल्या असं म्हणतात. हडपसरला एका कारखान्यात ते फिटर होते. डोकं दुखलं की गोळी घ्यायची आणि पुन्हा कामाला उभं राहायचं, अशीच सगळी वर्षं काढली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. जाताना स्वतः चालत जिना उतरतात. येताना माझा खांदा धरून येतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात.

किडनी घरातलं कोण देऊ शकेल, असं विचारलं तेव्हा पहिल्यांदा सासूबाई उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी त्यांचं वय विचारलं आणि हात जोडले. मुलीचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. पुढच्या तपासण्यांतही माझं सगळं चांगलं निघालं, फक्त वजन फार निघालं. एवढ्या वजनावर चिरफाड केली तर मला धोका, आणि नंतर एकाच किडनीवर जगायचं तर तिच्यावरही भार. दहा किलो उतरवा, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले.

तोवर हे टिकतील का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. चौथीपर्यंत शाळेत होते, तेव्हाही बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असून मी नुसती उभी राहायचे, आणि बस म्हटलं की बसायचे.

चालायला जायचं तर गुडघे सुजतात. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं की पाठ टेकून चालवायची सायकल मिळते, तिने गुडघ्यावर जोर येत नाही. माझी मुलगी खराडीला एका कंपनीत आहे. तिच्या ओळखीतल्या एका काकांकडे अशी सायकल पडून होती. आम्ही दोघी टेम्पो घेऊन आणायला गेलो. काकांनी सायकलवरचे टॉवेल एकेक करून काढले, घड्या घातल्या आणि म्हणाले, "दोन वर्षं आमच्याकडे टॉवेल वाळवते आहे. उत्तम वाळवते. तुम्हाला चालवायचीच असेल तर आमची हरकत नाही."

मुलगी हसली. मी खाली बघत राहिले. मला वाटलं, माझ्याकडे बघूनच त्यांना कळलं असणार की ही बाई चार दिवस चालवील आणि मग हिच्याही घरी टॉवेलच वाळतील.

सायकल म्हणजे खरं तर खुर्चीच. पाठीला टेकायला उशी, दोन्ही बाजूंना हाताला दांडे, आणि पायडल खाली नसून समोर. मागे टेकून बसायचं आणि पाय पुढे सोडून मारत राहायचं. समोर एक छोटा पडदा आहे, त्यावर आकडे पळतात. मला साधी सायकलसुद्धा कधी आली नाही. माहेरी भावाची होती, तिला हात लावायची आम्हा मुलींना बंदी होती. म्हणून ही पडत नाही, याचाच मला आधी मोठा आधार वाटला.

पण तिने घरात आल्या आल्या पेच टाकला. आमचा हॉल एवढासा. एका कोपऱ्यात देव्हारा, समोरच्या भिंतीला ह्यांचा दिवाण, खिडकीखाली सासूबाईंची कॉट. मुलीने सायकल टीव्हीसमोर लावली आणि मला बसवलं. मी पाय पुढे केले, तर ते सरळ दिवाणाकडे. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"नवऱ्याकडं पाय करून बसणार व्हय? आजारी हाय त्यो."

मी उतरलेच. मुलगी म्हणाली, आजी, व्यायाम आहे तो. सासूबाई म्हणाल्या, असू दे की, पाय ते पायच. मग सायकल फिरवली तर पाय देव्हाऱ्याकडे. अजून फिरवली तर सासूबाईंच्या कॉटकडे. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण मलाच बसवेना. दाराकडे पाय केले तर येणाऱ्या लक्ष्मीला लाथ. हे दिवाणावरून सगळं बघत होते. म्हणाले, छताला टांगा, म्हणजे पाय वर स्वर्गाकडे होतील, कुणाची तक्रार नाही.

शेवटी सायकल स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत गेली. सिलिंडर आणि कपड्यांची दोरी यांच्या मधे ती कशीबशी मावली. पाय बाहेरच्या बाजूला, म्हणजे समोरच्या बिल्डिंगकडे. तिथे देव नाही, नवरा नाही, पण तिथल्या चार मजल्यांच्या बायका भांडी घासायला, कपडे वाळत घालायला मागे येतात. माझ्यासारख्या जाड बाईने पाय हवेत फिरवत त्यांच्यासमोर बसायचं, या विचाराने मला रात्री घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मी एक जुनी साडी गॅलरीला आडवी बांधली. मग वारं बंद झालं. उन्हाळा तोंडावर होता. त्या साडीच्या आड, मुलीचा ढगळ सलवार कुर्ता घालून, मी रोज सकाळी बसायला लागले. लग्नानंतर साडीशिवाय काही अंगावर घातलं नव्हतं. दाराची बेल वाजली की मी आधी वरून साडी गुंडाळायचे आणि मगच कोण आलंय ते बघायचे. एकदा तशी गुंडाळत असताना दूधवाला वाट बघून पिशवी दाराला अडकवून गेला.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. मुलीने काटा आणला होता. मी रोज चढायचे. भात सोडला, साखर सोडली, अर्ध्या भाकरीवर आले. सासूबाई ताटाकडे बघायच्या आणि उठून जायच्या. पूर्वी मी अर्धी भाकरी खाल्ली असती तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता त्यांच्या डोळ्यांसमोर एका बाजूला मुलगा होता आणि एका बाजूला माझं ताट. मला दोन्हीकडून त्यांची दया यायची.

हे मात्र रोज चेष्टा करायचे. सायकल थांबल्याचा आवाज आला की आतून विचारायचे, आज कुठवर गेलीस, फुरसुंगी आली का? मी म्हणायचे, आली. मग म्हणायचे, उद्या सासवड कर, आणि येताना अंजीर आण. मीही म्हणायचे, आणते. अंजीर त्यांना बंद आहेत. कितीतरी बंद आहे, पाणीसुद्धा मापून. उन्हाळ्यात पेल्याच्या तळाला राहिलेला घोट ते बराच वेळ हातात धरून ठेवतात.

मग वजन अडकलं. मी तेवढंच खात होते, तेवढेच पाय मारत होते, आणि काटा हलत नव्हता. मुलगी म्हणाली, असं होतं, अंगाला सवय होते, जरा जोर वाढव. मी बटण दाबून पायडल जड केलं. मांड्या भरून यायच्या. घाम डोळ्यात जायचा. पायांपेक्षा जास्त माझं डोकं फिरायचं. समोर साडीचा विटका रंग आणि डोक्यात एकच, की मी इथे बसल्या जागी पाय मारतेय आणि तिकडे दिवस चाललेत. हा महिना जाईल, पुढचा जाईल. एखाद्या दिवशी फोन येईल की डायलिसिसच्या मशीनवरच काहीतरी झालं. मग हा काटा कुणाला दाखवायचा?

आणखी एक गोष्ट होती. ती मी कुणाला बोलले नव्हते. सकाळी काट्यावर चढून वजन तेवढंच दिसलं की मला रडू यायचं, पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. आज नाही. अजून नाही. मला ऑपरेशनची फार भीती वाटते. भाजी चिरताना सुरी दुधी भोपळ्यात आत गेली की माझी कूस आखडते. बाळंतपणाशिवाय मी कधी दवाखान्यात झोपले नाही. वजन उतरलं नाही तर मला कापणार नाहीत. मग मी आत येऊन ह्यांचे सुजलेले पाय बघायचे, बोट टेकलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. मी परत गॅलरीत जायचे.

एका दुपारी हे डायलिसिसहून आले आणि दारातच बसले. बीपी एकदम खाली गेलं होतं. मुलीने आणि मी उचलून आत नेलं. त्या दिवशी त्यांनी कुठवर गेलीस असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्याच आठवड्यात दवाखान्यातून फोन आला की पुढच्या तपासण्यांना या, वजनही बघू. मुलीने माझं वजन घेतलं. अजून दीड किलो बाकी होतं. ती म्हणाली, सांगू त्यांना, थोडंसं राहिलंय. पण मला ते डॉक्टर आठवले, त्यांचं ते शांतपणे हात जोडणं. सासूबाईंना जोडले तसे मलाही जोडतील.

मुलगी कामावर गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ आल्या. त्यांचं सगळं आयुष्य मांजरी गावात उसाच्या रानात गेलं. रान गेलं, तिथे बिल्डिंगा झाल्या, आणि त्या आमच्याकडे आल्या. बोलणं मात्र तिथलंच राहिलं. म्हणाल्या, "खंडोबाचा कडक उपास धर. थेंबभर पाणी न्हाय. मीबी धरते. देवबी पावंल अन काटाबी उतरंल."

आमच्या घरात कडक उपास नवा नाही. ह्यांना लहानपणी ताप भरला होता तेव्हा सासूबाईंनी असाच धरला होता, आणि ताप उतरला होता. मुलीच्या वेळी मी अडले तेव्हाही धरला होता. मला तो विचार एकदम पटला. नुसतं न खाता बसण्यापेक्षा कुणाच्या तरी नावाने न खाणं सोपं असतं. आणि ज्यांना पाणी मोजून मिळतं, त्यांच्यासाठी आपण एक दिवस पाणी सोडलं, यात काहीतरी बरोबर आहे असं वाटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी पहाटेपासून आम्ही दोघींनी पाणी सोडलं. सासूबाई देव्हाऱ्यासमोर बसून राहिल्या. मी सकाळी सायकल चालवली, दुपारी चालवली, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा चालवली. साडीच्या आड भट्टी झाली होती. जीभ टाळूला चिकटली. रात्री मुलगी आली तेव्हा मी पडून होते. दमलेय म्हणाले. ते खोटं नव्हतं.

सकाळी दवाखान्यातल्या काट्यावर मी डोळे मिटून चढले. सिस्टरने आकडा वाचला. दहा किलो उतरले होते, वर थोडं जास्तच. मी खाली उतरताना भिंत धरली. सिस्टर म्हणाली, काकू, छान केलंत. रक्त दिलं, लघवी दिली, ती कशीबशी थोडीशीच झाली आणि गडद होती. मग बाहेर येऊन पाण्याच्या पिंपासमोर सासूबाई आणि मी एकाच पेल्याने पाणी प्यायलो. त्या हसत होत्या. दात नसलेलं त्यांचं हसू मी कित्येक महिन्यांनी बघत होते.

दोन दिवसांनी ह्यांचं डायलिसिस होतं. ते मशीनवर होते आणि मुलगी कामावरून परस्पर यायची होती. तेवढ्यात डॉक्टरांनी मला आत बोलावलं. सासूबाई न विचारता माझ्यामागे आत आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या.

डॉक्टर माझे रिपोर्ट बघत होते. आधीचे काढले, नवे बाजूला ठेवले, पुन्हा बघितलं. मग म्हणाले की वजनाचं काम तुम्ही चांगलं केलंत, पण तुमचं क्रिएटिनिन वाढलंय आणि लघवीतून प्रोटीन जातंय. आधी असं नव्हतं. किडनी घेण्याचा विचार आता थांबवावा लागेल, उलट तुम्हालाच तपासायला हवं.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातला आकडा, हा शब्द आमच्या घरात तिखटमिठासारखा आहे. ह्यांचं किती, मागच्या वेळी किती, हेच आम्ही बोलत असतो. तो शब्द माझ्या नावाने ऐकला आणि मला डॉक्टरांचं पुढचं काही ऐकू येईना. मला ह्यांचे पाय दिसले आणि नंतर माझे. दिवाणावर दोघं शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून. मग मुलगी एकटी. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध घेतलं का, वेदनेच्या गोळ्या, कुणी दिलेलं चूर्ण? मी मान हलवून नाही म्हटलं. मधे काही झालं होतं का, ताप, जुलाब? मी नाही म्हटलं. खरंच काही झालं नव्हतं. उपास ही काही झालेली गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तो तर देवाचा भाग.

डॉक्टरांनी पेन उघडलं. तेव्हा मागून सासूबाई बोलल्या.

"पाणी न्हवती प्याली ती. आख्खा दिस. वर ती सायकल मारली तीनदा. मीच म्हणलं हुतं."

डॉक्टरांनी पेन हातातच ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. का, असं विचारलं. सासूबाई उठल्या, पदर सारखा केला आणि सांगितलं की खंडोबाचा उपास होता, मुलासाठी, आणि काटापण उतरायचा होता. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "आजी, किडनीला सगळ्या जगात एकच गोष्ट लागते, पाणी. तुम्ही नेमकं तेच बंद केलंत, आणि मग किडनी घेऊन आलात माझ्याकडे."

सासूबाईंनी मान खाली घातली. मी त्यांना कधी कुणासमोर मान घालताना बघितलं नव्हतं. मला बोलायचं होतं की चूक दोघींची आहे, पण घशातून हवाच आली. मग डॉक्टर नरम झाले. म्हणाले, उपासाने आणि उन्हातल्या एवढ्या व्यायामाने आकडे असे बिघडू शकतात, आणि पाणी प्यायल्यावर सुधारतात. सुधारतीलच असं आज सांगता येणार नाही. पंधरा दिवस नीट पाणी प्या, तपासणीआधी दोन दिवस सायकल नको, मग पुन्हा बघू.

सासूबाई माझ्या आधी बाहेर पडल्या. फाटकासमोर शहाळ्याची गाडी होती. त्यांनी एक शहाळं घेतलं, माझ्या हातात दिलं आणि मी संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग मलई काढून घेतली आणि तीही मलाच खायला लावली.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. पाणी पीत होते. दर तासाला सासूबाई पेला आणून द्यायच्या, आणि तो पेला मी ह्यांच्यासमोर पिऊ शकत नव्हते म्हणून गॅलरीत जाऊन प्यायचे. लघवीचा रंग बघायचे. तळपाय दाबून बघायचे, खळगा पडतो का. सायकल हळू चालवायचे, आणि पाय मारता मारता मला कळलं की आता ती जुनी भीती कुठे सापडत नाहीये. कापतील याची नाही, कापणार नाहीत याची भीती वाटत होती. मी त्या जुन्या भीतीची वाट बघत बसले, ती आली नाही. ती नंतर परत आली, रिपोर्ट आल्यावर.

रिपोर्ट चांगला आला. सगळे आकडे पहिल्यासारखे. वजन मात्र पाण्याने परत एक किलो चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे खरं वजन, यावर चालेल, पण ऑपरेशनच्या तारखेपर्यंत उतरवत राहा, माणसासारखं.

मग एक दिवस त्यांनी मला एकटीला एका खोलीत बसवलं. ह्यांना नाही, सासूबाईंना नाही, मुलीलाही नाही. किडनी देणाऱ्याशी असं वेगळं बोलायची त्यांची पद्धत आहे. समोर एक मॅडम होत्या, माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. तुम्हाला द्यायची नसेल तर आम्ही घरी एवढंच सांगू की तब्येतीमुळे जमत नाही. कुणालाही कारण कळणार नाही. मग त्यांनी विचारलं, घरातून कुणाचा दबाव आहे का?

म्हणजे सुटायची वाट अजून मोकळी होती. मी नुसती हो म्हणून मान हलवली असती तरी झालं असतं. मला दाराआडचं सगळं दिसत होतं, बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाई, त्यांच्या पिशवीतली पाण्याची बाटली. मॅडम वाट बघत होत्या. त्यांनी घाई केली नाही. शाळेतल्या बाईंसारखं बस म्हटलं नाही.

"दबाव नाही," मी म्हणाले. "भीती आहे. फार आहे. पण द्यायची आहे."

माझा आवाज मला मोठा वाटला. मॅडमनी विचारलं, भीती कशाची? आणि मग मी सांगायला लागले, दुधी भोपळ्यात जाणाऱ्या सुरीपासून.